एका भोपळ्याचा मुआयना

जेवताना बोलू नये असं वाडवडील सांगत आले, ते ठसका लागू नये म्हणून, असा माझा बरीच वर्षं समज होता. खरं कारण मला एका दुपारी कळलं. पानातलं वांगं किडकं निघालं आणि मी ताट सरकवून बोलून गेलो, "आजपासून या घरात बाजारची भाजी बंद! आपल्या हातानं पिकवू, तेव्हाच खाऊ."

"आन् तवर?" आमच्या मंडळींनी, म्हणजे मनकर्णेनं, तव्यावरची भाकर उलटत विचारलं.

"तोवर पिठलं," मी म्हणालो.

नवऱ्यांच्या प्रतिज्ञा दिवेलागणीपर्यंत विरून जातात आणि म्हणूनच जगात संसार टिकून आहेत. पण आमच्या आणि शेजारच्या खतीजाबीच्या घरामधली भिंत नेमकी कानाच्या उंचीवर पडलेली होती. संध्याकाळी मी बाहेर पडलो तेव्हा अर्ध्या हिंगोलीला बातमी होती. "मास्तर, भाजी सोडली म्हनं?" असं जो तो विचारायला लागला. एका म्हाताऱ्यानं तर मला वैराग्य आलं असं समजून पाया पडून घेतलं. आता माघार घेणं म्हणजे अब्रूचं खोबरं.

दिवस लढाईचे होते. लढाईला माणसं पुरवून झाली, धान्य पुरवून झालं, आणि त्याच सुमारास सरकारला तरकारीची आठवण झाली. हैदराबादेहून हुकूम निघाला, की हर सरकारी नोकरानं तरकारी उगवावी. हिंगोलीत वांगी पिकल्यानं तिकडे जर्मन कसा हरतो, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं. पण हुकमात कारण लिहायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. ज्या मैदानावर पूर्वी रिसाल्याचे घोडे कवायत करत, त्याचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून कारकून, चपराशी, पेन्शनर आणि मास्तर यांना वाटून टाकले. अट एकच. हैदराबादेहून तरकारीचे नाजिम साहेब, म्हणजे त्या खात्याचे बडे अंमलदार, तपासणीला येतील. या तपासणीला आमच्याकडे मुआयना म्हणत, आणि ती असली की माणसं आजारी पडत. मुआयन्याच्या दिवशी ज्याच्या तुकड्यात एकही फळ उभं नसेल, त्याचा तुकडा जप्त, आणि त्याचं नाव 'निकम्मा' म्हणून कचेरीच्या पायऱ्यांवरून पुकारायचं.

कचेरीच्या पायऱ्यांसमोर आमची शाळा. म्हणजे माझीच पोरं खिडकीतून ऐकणार आणि मोठं होईपर्यंत लक्षात ठेवणार. पाठ केलेलं सोडून बाकी सगळं पोरांच्या लक्षात राहतं.

तरी मी निर्धास्त होतो. माझं नाव उकंडराव. माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं आणि हे नाव ठेवलं. ज्याच्या आयुष्याचा श्रीगणेशाच खतात झाला, त्याला शेतीतलं कोणी काय सांगावं?

सांगायला मात्र सगळे तयार होते. माझ्या शेजारचा तुकडा भीमसिंगाचा. रिसाला मोडून जमाना झाला, पण हा मिसरूड फुटायच्या वयात त्यात स्वार होता आणि अजूनही उंबरठा ओलांडताना रिकीब शोधल्यासारखा पाय उचलायचा. त्याचं म्हणणं, रोपं कतारीत पाहिजेत, दोन रोपांमध्ये एक घोडा उभा राहील एवढं अंतर पाहिजे. त्या हिशेबानं माझ्या गुंठ्यात वांगी कमी आणि घोडे जास्त मावले असते. खतीजाबीचं म्हणणं, बी बाईच्या हातानं पडलं पाहिजे. वाण्याचं म्हणणं, बी त्याच्या दुकानातलं पाहिजे. चपराशी रामसिंगाचं म्हणणं, काही लावूच नये. "साहेब येतेत, बघतेत, चाय पितेत, जातेत," तो म्हणायचा. सगळ्यांत शहाणा तोच होता, हे मला फार उशिरा पटलं.

पहिल्याच दिवशी माझ्या कुदळीला घोड्याचा नाल लागला. भीमसिंगानं तो उचलला, धोतरानं पुसला, डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो शमशेरचा. मागच्या डाव्या पायाचा. लंगडत व्हता बिचारा." तेवढ्यात रामसिंग आला. नाल रिसाल्याचा, म्हणजे सरकारी. सरकारी माल सापडला तर जमा करून पावती घ्यायची आणि तोवर खोदकाम बंद, असा त्यानं कायदा सांगितला. मी नाल घेऊन कचेरीत गेलो. रिसाला उरलेला नाही म्हणून त्याचा माल जमा करून घेणारा कोणी नाही, जमा नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून कुदळ बंद. आठवडाभर हेलपाटे घालून मी शेवटी तो नाल होता तिथंच पुरला. भीमसिंगानं त्याला सलाम ठोकला आणि काम पुढं सुरू झालं. विहिरीचंही तसंच. विहीर एका खात्याची, दोर दुसऱ्या खात्याचा आणि पाणी मात्र देवाचं, म्हणून ते उन्हाळ्यात नसायचं.

सरकारनं बियांबरोबर उर्दूत छापलेला एक कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं, की बी रात्रभर 'नीमगर्म' पाण्यात भिजवावं. मी पोरांना उर्दू वाचायला शिकवतो; मला कोणाला विचारायची गरज नव्हती. नीम म्हणजे कडुलिंब, म्हणून मी कडुलिंबाचा ढाळा तोडून आणला, पाल्याचं पाणी खळाखळा उकळलं आणि त्यात सरकारी बी ओतलं. नीमगर्म म्हणजे नुसतं कोमट, हे मला खतीजाबीनं दुसऱ्या दिवशी हसतहसत सांगितलं. तोवर बी शिजलं होतं. मनकर्णेनं एक चिमूट खाऊन पाहिलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

मग मी घरातलं बी काढलं. रोपं आधी घरी वाढवायची आणि मग मैदानात न्यायची, असा बेत होता. परातीत वांगी, घंगाळात मेथी आणि माझ्या शाळेच्या टोपीत मिरच्या. घंगाळ गेल्यामुळं घरातल्यांच्या आंघोळी तांब्यावर आल्या. परात गेल्यामुळं भाकरीचं पीठ काठवटीत एकट्या मनकर्णेला झेपेल तेवढंच मळलं जाऊ लागलं, म्हणजे पिठलं तेच आणि भाकरी कमी. मेथीला दोन पानं फुटली त्या दिवशी खतीजाबीच्या कोंबड्या त्याच पडक्या भिंतीवरून आल्या आणि घंगाळ धुऊन-पुसून गेल्या.

"तुमच्या कोंबड्यांनी माझी मेथी खाल्ली," मी भिंतीवरून ओरडलो.

"हौ मास्टर साब," खतीजाबी म्हणाली, "खाए तब से अंडे नहीं दिए उन्होंने. क्या डाले थे जी उसमें?"

राहता राहिला भोपळा. माझा मेहुणा कुरुंद्याचा. मागच्या उन्हाळ्यात पोरांना कयाधूत पोहायला शिकवण्यासाठी त्यानं पाठीला बांधायचा एक वाळका भोपळा आणला होता. तो खुंटीला टांगलेला असे. हलवला की आत बिया खुळखुळत. मी तो फोडायला घेतला तशी मनकर्णा चुलीपुढून उठून आली.

"अहो, त्यो पव्हायचा भोपळा हाय. खायाचा न्हाई."

"भोपळा तो भोपळा," मी म्हणालो. "त्याच्या बियांना पोहणं येतं का?"

"बियांचं ठावं न्हाई. पर त्यो कडू असतो म्हनून तर कुनी खात न्हाई, पाठीला बांधतेत."

अडाणी माणसाशी वाद घालू नये, हे मी पोरांना नेहमी सांगतो. मी बिया काढून घेतल्या आणि फुटका भोपळा परत खुंटीला टांगला.

मैदानात नेलेली वांगी, मिरच्या आणि बाकीचं जे काही उगवलं, ते रामसिंगाच्या शेळीनं खाल्लं. चपराशाची शेळी, तिला काठी दाखवणं म्हणजे सरकारी कामात अडथळा आणण्यासारखं होतं. सगळं संपल्यावर ती भोपळ्याच्या वेलाशी आली. तिनं एक पान तोंडात घेतलं, लगेच टाकून दिलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मान वळवून निघून गेली. मुक्या जनावरालाही मास्तरकीची चाड असते, हे पाहून मला गहिवरून आलं.

वेल बाभळीच्या कुंपणावर चढला, पांढरी फुलं आली, एक बोटभर भोपळा धरला. तो मी खतीजाबीला दाखवला, तशी तिनं माझा हात खाली ओढला.

"उंगली नक्को दिखाव! कद्दू कू उंगली दिखाए तो झड़ जाता. मुठ्ठी से दिखाना."

आता माझं बोट म्हणजे साधं बोट नव्हे. मी भूगोल शिकवतो. नकाशावरची एकूण एक नदी माझ्या या बोटाखालून गेलेली आहे. पोरं मला पाठीमागं बोटे मास्तर म्हणतात. असल्या भाकड समजुतीला मी भीक घालणार होतो होय? मी सगळ्यांसमोर भोपळ्यावर बोट रोखलं आणि म्हणालो, "घ्या, दाखवलं!"

दुसऱ्या दिवशी भोपळा पिवळा पडून खाली पडला होता. मी म्हटलं, योगायोग. पुढच्या भोपळ्यालाही मुद्दाम बोट दाखवलं. तोही पडला. मी म्हटलं, मातीत दोष. तिसरा धरला तेव्हा वेलावर फुलं उरली नव्हती आणि नाजिम साहेबांच्या दौऱ्याची वर्दी आली होती. मी घरी आलो, चिंधी घेतली आणि उजव्या हाताचं बोट बांधून टाकलं. माझा विश्वास नव्हताच. पण माणसानं विश्वास नसलेल्या गोष्टींनाही थोडं जपून असावं.

शाळेत मी अंगठ्यानं नकाशा दाखवायला लागलो. बोटाखाली गोदावरी दिसायची, अंगठ्याखाली नांदेड-परभणीसकट बुडून जायची. पण भोपळा वाढला. चांगला पोरगं कडेवर घ्यावं एवढा झाला. मनकर्णा रोज संध्याकाळी येऊन त्याच्याकडे नुसतं बघायची. तिनं बोट दाखवलं नाही, मूठही दाखवली नाही. एवढे महिने पिठलं ढवळलेली बाई होती ती. "मुआयना झाला की चिरायचा," मी तिला सांगून ठेवलं होतं. तेव्हा कडू-गोडाचं ती काही बोलली नाही. आशा फार वाईट. मुआयन्याच्या सकाळी तिनं भोपळ्यात घालायला हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

नाजिम साहेब मोटारीतून उतरले. मागं मुन्शी, खानसामा, रामसिंग आणि बघायला अर्धं गाव. पाच-सहा तुकडे पाहून ते माझ्याकडे आले. जमीन बोडकी.

"कहाँ है आपकी तरकारी?" त्यांनी विचारलं.

भोपळा कुंपणावर पानांआड होता. मी उजवा हात वर केला. बोटाला चिंधी होती. चिंधी नसती तरी, सगळ्या हिंगोलीच्या देखत, शेवटच्या भोपळ्याकडे मी बोट दाखवणार नव्हतो. मी अंगठा पुढं केला.

अंगठा दाखवणे याचा अर्थ मराठीत आणि उर्दूत एकच होतो. या दोन भाषांचं इतर बाबतीत फारसं जमत नाही. नेमकं इथंच जमावं, हे माझं नशीब.

"ठेंगा?" साहेबांचा चेहरा लाल झाला. "हमें ठेंगा दिखाते हो?"

घाबरलो की माझा हात आहे तिथंच राहतो. अंगठा तसाच साहेबांच्या नाकासमोर. रामसिंग दोन पावलं मागं सरून जणू मला ओळखत नाही असा उभा राहिला. भीमसिंगानं का कोण जाणे, खाडकन टाचा जुळवून सलाम केला. तेवढ्यात कुंपणापलीकडून खतीजाबी ओरडली, "ठेंगा नहीं है जी हुजूर! कद्दू कू उंगली दिखाए तो झड़ जाता बोलके मास्टर साब अंगूठा दिखारै!"

साहेब पोट धरून हसले. शिकलेला माणूस आणि ही अक्कल! मुलूख मागं राहिला तो असल्या मास्तरांमुळं, असं त्यांनी लोकांना उर्दूत समजावलं. मग स्वतः पुढं झाले, पानं बाजूला केली आणि अंगठी घातलेलं बोट थेट भोपळ्याला लावलं.

"देखो! गिरा? नहीं गिरा!"

 भोपळा पडला नाही. जन्मभर मी जे सांगत आलो, ते खरं ठरलं, आणि माझी मान खाली गेली. माझा तुकडा वाचला, असं साहेबांनी जाहीर केलं, आणि त्याच दमात म्हणाले, "उम्दा नमूना है. डाक बंगले पर भेज दो."

रामसिंगानं भोपळा तोडून खांद्यावर घेतला. मनकर्णा गर्दीच्या कडेला विळी पदराखाली घेऊन उभी होती. ती तशीच घरी गेली. भिजवलेल्या डाळीचं रात्री वरण झालं.

दुसऱ्या दिवशी रामसिंग धापा टाकत दारात. "मास्तर, काय घातलं ओ त्या भोपळ्यात? साहेब, मुन्शी, खानसामा, समदे लोटा धरून रांगेत हायेत! साहेबाला पुढं जाऊ द्यायचं भानसुदिक कुनाला राह्यलं न्हाई!"

त्याच्यामागोमाग हुकूम आला. सरकारी अंमलदारास कडू जहर भोपळा का दिला, याचा जबाब द्यावा. न दिल्यास तुकडा आणि नोकरी दोन्ही जप्त. निकम्मा तर पुकारतीलच.   मनकर्णा खुंटीवरच्या फुटक्या भोपळ्याकडे बघत होती. मी खुंटीकडे पाठ करून जबाब लिहायला बसलो.

आणि सांगतो, त्या जबाबात मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. मी लिहिलं, की भोपळा वेलावर सुखरूप होता. हुजुरांनी त्यास सर्वांसमक्ष बोट दाखवले. बोट दाखवल्यास भोपळा बिघडतो, अशी या मुलखातील रयतेची समजूत आहे. त्यानंतर भोपळा हुजुरांच्याच ताब्यात होता. पुढे मर्जी हुजुरांची.

खानसाम्यावरही बालंट होतंच. त्यानंही सांगितलं, हुजूर ने उंगली दिखाई थी. भीमसिंगानं शमशेरची शपथ घेऊन साक्ष दिली. खतीजाबीनं तर साहेबांच्या अंगठीतला खडाही वाईट होता असं जोडून दिलं. साहेबांपुढं दोनच वाटा उरल्या. एका मास्तरानं आपल्याला सरळसरळ कडू भोपळा चारला असं हैदराबादेला कळवायचं, नाहीतर तो गोडच होता, पण आपण बोट दाखवल्यानं बिघडला म्हणायचं. अंमलदाराला अपमानापेक्षा भूतबाधा नेहमीच परवडते. महिन्याभरात हुकूम निघाला: मुआयन्याच्या वेळी कोणत्याही अंमलदाराने उभ्या तरकारीकडे बोट दाखवू नये.

माझा तुकडा राहिला, नोकरी राहिली, पायऱ्यांवरून काही पुकारलं गेलं नाही. पुढं पुढं त्या हुकमातला 'तरकारी' हा शब्द लोकांच्या तोंडून गळून गेला आणि नुसतं 'बोट दाखवू नये' एवढंच राहिलं. धान्याच्या कोठारात पोती कमी भरली, कोणी बोट दाखवलं नाही. रस्त्याखालची नवी मोरी पहिल्याच पावसात वाहून गेली, कोणी बोट दाखवलं नाही. त्या साली तालुक्यात तरकारी काही झाली नाही, पण अंमलदारांचं पीक फार जोमदार आलं.

हुकूम निघाला त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी आलो. बोटाची चिंधी सोडून टाकली. पानावर बसलो, तर समोर पिठलं नाही. वाटीत वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग. बाजारची. माझ्या प्रतिज्ञेचा असा उघड उघड भंग पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी वाटीवर बोट रोखून म्हणालो, "ही वांगी कुठून..."

"बोट दाखवू नका," मनकर्णा खुंटीकडे न बघताच म्हणाली. "सडतेल."

मी बोट मिटलं आणि भाकर मोडली. वांगं याही वेळी किडकंच निघालं. पण जेवताना मी आता बोलत नाही.